५० आणि १०० मीटर फ्रीस्टाइल: मोठ्यांच्या शर्यती कशा मोजायच्या आणि त्यातून आपल्या मुलांसाठी काय घ्यायचे?

तिसरी_लेन (म्हापसा)

नमस्कार मंडळी. विषय १४ ते १८ वयाच्या, राज्य पातळीवर पोहणाऱ्या मुला-मुलींचा आहे. ५० मीटरच्या तलावात मुलांची ५० मीटरची वेळ २५.८ ते २७.५ सेकंद, मुलींची २९ ते ३१. आंतरशालेय स्पर्धांचा मोसम जवळ आला की कठड्यावरून एकच घोष सुरू होतो, ‘हात भरभर मार!’ मुलेही तेच करतात आणि शेवटच्या १५ मीटरांत सगळ्यांची गत एकच होते. फेस भरपूर, पुढे सरकणे बेताचे.

म्हणून मोठ्यांच्या शर्यती नीट तुकडे पाडून बघायच्या आहेत. पॅरिस ऑलिंपिकमधली चीनच्या पान झानलेची १०० मीटरची ४६.४० सेकंदांची आणि ऑस्ट्रेलियाच्या कॅमेरॉन मॅकएव्हॉयची ५० मीटरची २१.२५ ची, या दोन शर्यती समोर आहेत. पानने ती शर्यत कुठे कमावली, जाताना की येताना? आपल्या मुलांची शर्यत साध्या मोबाइलवर चित्रित करून त्याच पद्धतीने मोजता येईल का? हाताची गती वाढवायची की प्रत्येक हाताला जास्त अंतर कापायचे? आणि ५० मीटरमध्ये श्वास किती वेळा?

हाताशी आहे ते असे: सेकंदाला ६० फ्रेम टिपणारा फोन, एक तिपाई, पाण्याखालचा कॅमेरा नाही. स्टार्टिंग ब्लॉक जुने, मागच्या पायाची तिरकी पट्टी नसलेले.

लाल_फ्लोट (फोंडा)

पानपासून सुरू करतो. नुसती ४६.४० बघून काही कळणार नाही, शेजारी आणखी तीन शर्यती मांडा (पहिले ५० + परतीचे ५०).

सिएलो, रोम २००९: २२.१७ + २४.७४ = ४६.९१
ड्रेसल, टोकियो २०२१: २२.३९ + २४.६३ = ४७.०२
पोपोविच, रोम २०२२: २२.७४ + २४.१२ = ४६.८६
पान, पॅरिस २०२४: २२.२८ + २४.१२ = ४६.४०

सिएलोच्या अंगावर पॉलियुरेथेनचा, म्हणजे पाण्यात तरंगायला मदत करणारा पोशाख होता. ते पोशाख २०१० पासून बंद झाले, तेव्हा ती ओळ थोडी बाजूला ठेवूनच वाचायची. आता बघा: पान गेला जवळजवळ सिएलोसारखा आणि परतला तंतोतंत पोपोविचसारखा. आधी लोक दोहोंपैकी एकच निवडत होते. पोपोविच पहिले ५० राखून जायचा आणि परतीला वसूल करायचा. सिएलो-ड्रेसल आधीच कमावून ठेवायचे आणि परतीला त्यातले जपून खर्च करायचे. पानने दोन्ही एकाच शर्यतीत केले. दुसरा आलेला चाल्मर्स ४७.४८ वर होता, म्हणजे फरक १.०८ सेकंदांचा. १०० मीटर फ्रीस्टाइलच्या अंतिम फेरीत हे अंतर अवाढव्य आहे. त्यातून पॅरिसचा तलाव जेमतेम २.२ मीटर खोल, ३ मीटरच्या वेगवान तलावांसारखा नव्हे.

दोन्ही तुकड्यांतला फरक काढायची सवय लावा: सिएलो २.५७, ड्रेसल २.२४, पान १.८४, पोपोविच १.३८. पहिल्या ५० मध्ये सूर मारल्याचा फायदा असतो, त्यामुळे दीड-पावणेदोन सेकंदांचा फरक हा दमल्याचा मानायचाच नाही. त्याच्या वर जी निघेल ती खरी गळती. आपल्याकडचा मुलगा २६.८ ने जाऊन ३०.५ ने परत येतो तेव्हा फरक ३.७. त्याला आणखी ‘स्पीड’ शिकवून उपयोग नाही, आहे तो टिकत नाहीये.

एक सावधगिरी. रिलेचे आकडे यात मिसळू नका. पानने पॅरिसच्या मेडले (चार पोहण्याच्या प्रकारांच्या) रिलेत शेवटचा टप्पा ४५.९२ ला पोहला, पण तिथे आधीचा जलतरणपटू भिंतीला येताना दिसतो, आपण हालचाल आधीच सुरू केलेली असते. संकेताची वाट बघत स्थिर उभे राहून केलेल्या स्टार्टच्या तुलनेत अर्धा सेकंद, कधी त्याहून जास्त तिथेच वाचतो. रिलेत फक्त पहिल्या टप्प्याची वेळ तुलनेला चालते.

अपूर्णांक (डिचोली)

मोजणीचे मी सांगतो. पद्धत चुकली तर वरचे सगळे गणित पाण्यात.

तुमच्या तलावाच्या लेनच्या दोऱ्याच तुमची फूटपट्टी आहेत. नियमाप्रमाणे दोरीवर दोन्ही टोकांपासून ५ मीटरपर्यंतचे फ्लोट वेगळ्या रंगाचे, १५ मीटरवर वेगळा फ्लोट, आणि ५० मीटरच्या तलावात २५ वरही खूण असते. दोन्ही टोकांकडून धरले की १५, २५, ३५, ४५ अशा चार रेषा फुकट मिळतात. म्हणूनच शर्यतीचे तुकडेही तिथेच पाडायचे.

कॅमेरा प्रेक्षकांच्या बाजूला, जमेल तितका उंच, २५ मीटरच्या समोर. पूर्ण तलाव एका चौकटीत बसला पाहिजे, फोन फिरवायचा नाही. आता खरी गोची: कॅमेरा २५ वर आणि तुम्ही १५ ची रेषा बघताय, म्हणजे तिरके बघताय. जवळच्या कठड्यावर खुणेची काठी ठेवून चौथ्या लेनमधला मुलगा ‘काठीशी आला’ असे म्हटलेत तर तो प्रत्यक्षात १५ वर नसेल, मीटर-दोन मीटर इकडे-तिकडे असेल. उपाय सोपा आहे. मुलाच्या डावीकडच्या दोरीवरचा १५ चा फ्लोट आणि उजवीकडच्या दोरीवरचा १५ चा फ्लोट, या दोघांना जोडणारी रेषा पडद्यावर काढा. डोके ती रेषा ओलांडते ती फ्रेम घ्या. कोन कितीही तिरका असो, चूक राहत नाही. किनोव्हिया हे संगणकावरचे मोफत सॉफ्टवेअर त्यासाठी पुरेसे आहे.

पण आधी दोऱ्या तपासा. सैल दोरी मधोमध वाकते आणि खुणेचा फ्लोट अर्धा मीटर सहज सरकतो. आपल्या खाऱ्या हवेत ताण देणारा रॅचेट गंजून अडकलेला असतो आणि कोणी तो फिरवायच्या भानगडीत पडत नाही. टेप घेऊन भिंतीपासून १५ मीटर मोजा, फ्लोट तिथे नसेल तर हाताने सरकवून दोन्ही बाजूंना केबल-टाय लावा.

३० फ्रेममध्ये एक फ्रेम म्हणजे ०.०३३ सेकंद. मुलगा सेकंदाला १.८ मीटर जातो, म्हणजे फ्रेममागे ६ सेंटिमीटर. ६० फ्रेमला ३ सेंटिमीटर. पुरेसे आहे. मात्र बरेच फोन फ्रेमची गती मध्येच कमी-जास्त करतात. फ्रेम मोजून ६० ने भागू नका, व्हिडिओतला वेळेचा आकडा वाचा. ढगाळ दिवशी आणि पावसात हा घोळ जास्त होतो, कारण उजेड कमी पडला की फोन गुपचूप ३० वर उतरतो.

शून्य कुठे धरायचे? स्टार्टचा दिवा चित्रात दिसत असेल तर तो. नसेल तर ब्लॉकवरून पाय सुटल्याची फ्रेम, आणि मग सगळ्यांसाठी कायम तीच. टीव्हीवरच्या शर्यतीत पडद्यावरच्या घड्याळावर विसंबू नका. कॅमेरे बदलतात, चित्र तिरके असते. अधिकृत निकालपत्रकातली प्रतिक्रियेची वेळ आणि ५० ची वेळ हे दोन खुंटे पक्के, मधले त्यांच्या आधारे.

हाताची गती: एक हात पाण्यात शिरल्यापासून तोच हात चौथ्यांदा शिरेपर्यंत तीन पूर्ण आवर्तने झाली. तेवढे सेकंद मोजा आणि १८० ला त्याने भागा. उत्तर मिनिटाला आवर्तने. त्या तुकड्याचा वेग गुणिले ६० भागिले ही संख्या, म्हणजे एका आवर्तनाची लांबी. झाले. एखाद्या मुलाचे आकडे टाका बघू.

तिसरी_लेन (म्हापसा)

दोऱ्या खरंच सैल निघाल्या, एका बाजूचा फ्लोट ४० सेंटिमीटर पुढे होता. घट्ट करून मोजले. १७ वर्षांचा मुलगा, ५० मीटर २६.००, शून्य स्टार्टच्या दिव्यावर.

पाय सुटले ०.८२
१५ मी. ६.६०
२५ मी. १२.००
३५ मी. १७.५०
४५ मी. २३.२५
५० मी. २६.००

तीन आवर्तने: १५ ते २५ मध्ये ३.४० सेकंद, ३५ ते ४५ मध्ये ३.३० सेकंद. पाण्यावर आला ८ मीटरला. श्वास चार, त्यातला शेवटचा ४७ च्या आसपास.

गंमत अशी की शेवटच्या ५ मीटरचा वेग १.८२ येतोय. म्हणजे शेवटी त्याने जोर लावला असे म्हणायचे का?

अपूर्णांक (डिचोली)

नाही. तिथेच तर तो सर्वांत हळू आहे.

४५ ला तुम्ही डोके मोजले, ५० ला हात. हात भिंतीला लागतो तेव्हा डोके साधारण ६० सेंटिमीटर मागे असते. म्हणजे २.७५ सेकंदांत तो ५ नव्हे, ४.४ मीटर गेला. वेग १.६०. शेवटचा श्वास घेतला आणि बहुधा भिंतीकडे नुसता सरकत गेला.

बाकीचे: १५-२५ चा वेग १.८५, २५-३५ चा १.८२, ३५-४५ चा १.७४. हाताची गती आधी ५२.९, नंतर ५४.५. लांबी आधी २.१० मीटर, नंतर १.९१. हात जास्त वेळा फिरताहेत आणि मुलगा हळू जातोय. तुमच्या त्या ‘भरभर मार’चे हे उत्तर आहे. दमल्यावर कोपर खाली पडते, पंजा पाणी पकडण्याऐवजी पाण्यातून निसटतो, मग विरोध कमी लागल्यामुळे हात आपोआप वेगात फिरतो. मुलाला वाटते आपण जोर लावतोय.

पण थांबा, पालकांना अगदीच मोडीत काढू नका. मॅकएव्हॉयची २१.२५ घ्या. १५ मीटर ५.२ सेकंदांत धरले तर उरलेले ३४.४ मीटर, हाताची लांबी वजा करून, १६.०५ सेकंदांत. वेग २.१४. पुरुषांच्या ५० मीटरच्या अशा अंतिम फेरीत मिनिटाला ६० ते ६५ आवर्तने सर्रास असतात. ६० धरा, लांबी २.१४ येते. ६२ धरा, २.०७. तुमच्या मुलाची सुरुवातीची लांबी २.१०! म्हणजे ताज्या दमाच्या तुमच्या मुलाचा हात ऑलिंपिक विजेत्याइतकेच अंतर कापतो. फरक इतकाच की तो माणूस तीच लांबी ६० च्या वर नेऊन धरतो आणि शेवटपर्यंत धरतो. तेव्हा गती वाढवायचीच आहे. लांबीला धक्का न लावता.

कुठे किती मिळेल तेही बघून घ्या. ३५-४५ चा तुकडा १.८२ ने झाला असता तर ५.५० लागले असते, पाव सेकंद वाचला. शेवटचे ४.४ मीटर १.७५ ने गेला असता तर २.५१, आणखी पाव सेकंद. पाय सुटायला ०.८२ ऐवजी ०.७० लागले तर ०.१२. दम तसूभरही न वाढवता २५.४.

सूर_मारा (पणजी)

स्टार्टबद्दल कोणी बोललेच नाही, म्हणून हे लांबण.

१५ मीटर ६.६० म्हणजे २६ सेकंदांच्या शर्यतीचा चौथा हिस्सा. वरच्या पातळीवर पुरुष हे अंतर ५.० ते ५.४ मध्ये काढतात. ड्रेसलने टोकियोत ५० मीटर २१.०७ ला जिंकले, दुसरा २१.५५. त्या माणसाची ओळखच स्टार्ट आणि पाण्याखालचे पाय. २००९ नंतर आलेल्या ब्लॉकवर मागे तिरकी, पुढे-मागे सरकणारी पट्टी असते. मागचा गुडघा साधारण काटकोनात येतो आणि रेटा सरळ पुढे बसतो. तुमचे ब्लॉक सपाट आहेत, तरीही एक पाय मागे ठेवूनच शिकवा. जोर थोडा कमी बसेल, पण पट्टी असलेल्या तलावावर गेल्यावर नव्याने सवय लावावी लागणार नाही. इथे कांपालला २०२३ च्या राष्ट्रीय स्पर्धेचे जलतरण झाले, विरधवल खाडेने तिथेच ५० फ्रीस्टाइलचे सुवर्ण घेतले. त्या शर्यतीचा व्हिडिओ मिळाला तर मुलांना फक्त पहिले १५ मीटर दाखवा, आवाज बंद करून.

०.८२ उशीर कान मंद असल्यामुळे नसतो. ‘टेक युवर मार्क्स’ला मुलगा हळूहळू खाली जातो आणि शिटी होते तेव्हा अजून स्थिरावलेला नसतो. किंवा वजन पार मागे टाकून बसलेला असतो, मग आधी पुढे यावे लागते. हात ब्लॉकच्या कडेला घट्ट, कंबर उंच, वजन पुढच्या पायाच्या चवड्यावर, मान सैल. हुकूम मिळताच एका झटक्यात खाली आणि स्तब्ध. संकेत झाला की पहिली हालचाल हातांची: ब्लॉक मागे-वर ओढायचा. डोके वर उचलून पुढे बघायचे नाही.

पाण्यात शिरताना हात, डोके, कंबर, पाय एकाच भोकातून. शिरताना शरीराचा वेग पोहण्याच्या वेगाच्या दुपटीहून जास्त असतो, तो फार लवकर उतरतो. म्हणून शिरल्या-शिरल्या पाय हलवणे म्हणजे ब्रेक. क्षणभर ताठ, मग साधारण ६ मीटरच्या पुढे डॉल्फिन किक (दोन्ही पाय जोडून मारायची), लहान आणि जलद. खोली मीटरभर, त्याहून खाली गेलेला मुलगा वर येताना उभा होतो आणि सगळे कमावलेले घालवतो.

वर कुठे यायचे? नियमाने डोके १५ मीटरपर्यंत वर आले पाहिजे, पण नियम म्हणजे उद्दिष्ट नव्हे. ५० मीटरमधले बहुतेक चांगले पुरुष १० ते १३ मीटरच्या दरम्यान वर येतात. तुमच्या मुलाचे ठरवायचे असे: एकदा ८ ला, एकदा १० ला, एकदा १२ ला वर यायला सांगा, मध्ये ५ मिनिटे विश्रांती, आणि तिन्ही वेळी १५ नव्हे, २० मीटरपर्यंतची वेळ घ्या. १५ वरच थांबलात तर फसाल, कारण दम रोखून १२ पर्यंत गेलेला मुलगा १५ ला पुढे दिसतो आणि २० ला मागे पडतो. ज्याची किक कमजोर आहे त्याला ९ च बरे.

पहिला हात पाण्याखाली असतानाच, पृष्ठभागाच्या वीतभर खाली, सुरू करायचा. पहिल्या दोन हातांना श्वास बंद.

आणि खोली! ब्लॉकवरून सूर मारायचा तर भिंतीपासून १ मीटर ते ६ मीटरपर्यंत किमान १.३५ मीटर पाणी हवे असे नियम सांगतो. तो किमान आकडा आहे. नवशिक्याला २ मीटरच्या टोकाकडूनच शिकवा. उथळ बाजूच्या ब्लॉकवरून सराव नकोच, मान मोडायला एक सूर पुरतो.

खांदा_आधी (मडगाव)

मुले ड्रेसलचे आणि सारा शोस्ट्रॉमचे व्हिडिओ बघतात आणि दुसऱ्या दिवसापासून हात सरळ ताठ फिरवायला लागतात. शोस्ट्रॉमने २०२३ ला फुकुओकात ५० मीटर २३.६१ पोहताना हात तसाच फेकला, मान्य. पण व्हिडिओत दिसतो तो पाण्यावरचा हात. वेग येतो पाण्याखालच्या हातातून, तिथे तिचे कोपर वाकलेलेच असते.

सरळ हाताचा फायदा म्हणजे गती सहज वाढते, झोका शरीराला पुढे नेतो. किंमत खांदा मोजतो. अंग नीट न वळवता सरळ हात फिरवला की खांद्याच्या पुढच्या-वरच्या भागात चिमटा बसतो. पोहल्यानंतर शर्ट काढताना दुखते, हात डोक्यावर धरून झोपता येत नाही, ही पहिली लक्षणे. अशा वेळी अंतर कमी करा, पॅडल (पंज्याला बांधायची फळी) बंद. पॅडलचा आकार हाताच्या पंज्याहून फार मोठा नको, १४-१५ वयाला तर नकोच. रबरी ट्यूबवर बाहेरच्या बाजूने खांदा फिरवण्याचे १५ चे दोन संच, आठवड्यातून तीनदा. ट्यूब उन्हात आणि क्लोरीनमध्ये तडकते, दर वेळी बोटांनी ताणून चिरा बघा. तुटलेली ट्यूब डोळ्यावर येते.

पाण्याखाली बघायचे ते तीन जागी. हात खांद्याच्या रेषेत शिरतो की डोक्यापुढे आडवा जातो? आडवा गेला तर कंबर नागमोडी हलते. शिरल्यावर हात ताठ ठेवून खाली दाबला तर डोके वर उचलले जाते आणि पाय बुडतात. त्याऐवजी बोटे खाली, कोपर वर, पंजा ते कोपर एकच फळी. आणि हात मांडीपर्यंत जातो की पोटापाशीच बाहेर येतो? दमल्यावर हे तिसरे आधी बिघडते. तुमच्या मुलाची २.१० ची १.९१ बहुधा तिथेच होतेय. पाण्याखालचा कॅमेरा नसेल तर जलरोधक पिशवीत फोन घालून शिडीवरून बाजूने धरा, एवढे दिसते.

मीटर_कमी (वाळपई)

मॅकएव्हॉयचे उदाहरण निघालेच आहे तर सांगतो, त्याने पारंपरिक किलोमीटर जवळजवळ सोडून दिले. जिम, ताकद आणि थोडेच, पण शर्यतीच्या वेगाचे पोहणे. २०२३ ला फुकुओकात २१.०६, २०२४ ला ऑलिंपिक सुवर्ण. मग आपण ५० च्या मुलांना रोज पाच-पाच किलोमीटर का दळायला लावतो?

लाल_फ्लोट (फोंडा)

कारण तो २०१६ मध्येच १०० मीटर ४७.०४ ला पोहला होता. वर्षानुवर्षांची किलोमीटर आधीच पोटात होती, मग त्याने ती कमी केली. त्याने आयुष्यात काय केले ते सगळे बघा, शेवटच्या दोन वर्षांचेच उचलू नका. १४ वर्षांच्या मुलाला पाण्याची ओळखच अजून पुरती व्हायची आहे, आणि शालेय स्पर्धेत तो ५० बरोबर १०० आणि रिलेही पोहणार. पण तुमच्या म्हणण्यातले एक मी घेतो: वेगाचे काम दमलेल्या अंगाने करून घेऊ नये. सत्राच्या शेवटी ‘आता चार स्प्रिंट मारा’ हा प्रकार निव्वळ फुकट. वॉर्म-अपनंतर लगेच करा.

तिसरी_लेन, तुमच्या मुलासाठी: तलावाच्या मध्यापासून, भिंतीचा रेटा न घेता, १५ मीटर पूर्ण वेगाने, ८ वेळा, मध्ये २ मिनिटे. टोपीत टेम्पो ट्रेनर, म्हणजे ठरावीक अंतराने ‘बीप’ देणारे छोटे यंत्र. ५४.५ आवर्तने म्हणजे मिनिटाला १०९ हात, म्हणजे दर हाताला ०.५५ सेकंद. पहिल्या आठवड्यात ०.५७ ठेवा, म्हणजे त्याच्या सुरुवातीच्या गतीवर तो लांबी राखतो का ते दिसेल. नंतर ०.५५, मग ०.५३. प्रत्येक वेळी हात मोजा आणि वेळ घ्या. हात एकने वाढले आणि वेळ तीच राहिली तर ट्रेनर एक पायरी मागे. दोन वेळा लागोपाठ तसे झाले तर त्या दिवसाचे काम संपले, आठ पुरे करायचा हट्ट नको. आठवड्यातून दोनदा बस.

एप्रिल-मेमध्ये उघड्या तलावाचे पाणी ३० अंशांच्या वर जाते, स्पर्धेला नियम २५ ते २८ चा आहे. तेव्हा विश्रांती तीन मिनिटे करा आणि मुलांना कठड्यावर पाणी प्यायला लावा. पाण्यात असल्यामुळे घाम कळत नाही.

सूर_मारा (पणजी)

श्वासाचे राहिले. ५० मध्ये वरच्या पातळीवर शून्य किंवा एक. तुमच्या मुलाला चारवरून थेट शून्यावर आणू नका. दोनवर आणा, १८-२० मीटरला एक आणि ३५ च्या आत दुसरा. ४० नंतर बंद. श्वास घेताना एक डोळा पाण्यातच, आणि पाय थांबता कामा नयेत. बहुतेक मुलांची किक नेमकी श्वासाच्या वेळी थांबते, वेग जातो तो त्यामुळे.

१०० मध्ये मात्र कंजुषी नको. पहिल्या ५० मध्येच नियमित श्वास सुरू करा, दम रोखून गेलेला मुलगा ७५ ला उभा राहतो. आणि पाण्याखाली दम रोखून लांब जाण्याच्या पैजा बंद करा. आधी भराभर श्वास घेऊन मग बुडी मारली की शुद्ध हरपते आणि मुलाला पूर्वसूचनाही मिळत नाही.

तिसरी_लेन (म्हापसा)

भरपूर मिळाले, आभारी आहे. खांदा_आधी ताई, पिशवीतला फोन उद्याच करून बघतो. दोन गोष्टी राहिल्या. शेवटचे ५ मीटर नेमके कसे शिकवायचे? आणि आमच्याकडे टच पॅड (हात लागताच वेळ नोंदवणारी भिंतीवरची पाटी) नाही, हातातल्या घड्याळाची वेळ कितपत धरायची?

अपूर्णांक (डिचोली)

पॅरिसमध्ये मॅकएव्हॉय २१.२५, बेन प्राउड २१.३०. त्या वेगाला ०.०५ सेकंद म्हणजे साधारण १० सेंटिमीटर. शेवट शिकवायला एवढे उदाहरण बास. बॅकस्ट्रोकच्या पताका भिंतीपासून ५ मीटरवर असतात, त्यांच्याखाली आल्यापासून डोके खाली, श्वास नाही, पाय दुप्पट. १२.५ मीटरवरून पूर्ण वेगाने भिंतीपर्यंत, ६ वेळा. पताकांपासून भिंतीपर्यंत किती हात लागतात ते ठरून जाते. अर्धा हात कमी पडत असेल तर शेवटचा हात लहान करून मारायचा, लांब सरकत जायचे नाही. हात सरळ, बोटांची टोके पाण्याच्या रेषेच्या थोडी खाली, आणि भिंतीच्या पलीकडे वीतभर जायचे आहे अशा जोराने. पॅडवर पोहल्यावर हे आणखी महत्त्वाचे ठरते, हलक्या स्पर्शाने पॅड नोंद घेत नाही.

घड्याळाचे: ५० मीटरची शर्यत समोरच्या टोकाला सुरू होते आणि वेळ घेणारा शेवटच्या टोकाला. आवाजाला ५० मीटर यायला जवळजवळ ०.१५ सेकंद लागतो. त्याने आवाजावर बटण दाबले तर तेवढी वेळ मुलाला बक्षीस मिळते. त्याला दिव्यावर दाबायला सांगा, दिवा नसेल तर सुरुवात करणाऱ्याने शिटीबरोबर हात झटकन खाली आणावा आणि त्या हातावर दाबावे. तीन घड्याळे, मधली वेळ धरायची, सरासरी नको. आणि तीच शर्यत फोनवर असेल तर दोन्ही वेळा शेजारी लिहून ठेवा. घड्याळ कायम एकाच बाजूला चुकत असेल तर दोन-तीन आठवड्यांत कोण लवकर दाबतो ते कळतेच.